कागदावर ४०० न्यूटन मीटर, चढावर दम संपलेला: ट्रेलर ओढणाऱ्या एका डिझेल पिकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या कंत्राटदाराचं आहे, नाव गाव काही देत नाही आणि गाडीची कंपनी पण मुद्दाम सांगत नाही कारण दोष कंपनीचा नव्हताच. पाइपलाइनसाठी चर खणायचं काम, त्यासाठी एक मिनी एक्स्कॅव्हेटर, तो दोन ॲक्सलच्या ट्रेलरवर चढवायचा आणि पिकअपने ओढत साइटवर न्यायचा. एका बाजूचा प्रवास साधारण १४० किलोमीटर, त्यातला शेवटच्या टप्प्यातला ९ किलोमीटर सलग चढ, सरासरी ६ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ६ मीटर वर.

कित्येक वर्षं हे काम एका जुन्या पिकअपने केलं. ३ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, साधा टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), मेकॅनिकल पंप, डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी एका छोट्या चेंबरमध्ये पेटणारं, ५ गियर, टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर ३०० न्यूटन मीटर. आवाज ट्रॅक्टरसारखा, काळा धूर, पण ओढायची. ती थकली म्हणून नवीन घेतली. २ लिटरचं कॉमन रेल इंजिन (एका सामायिक पाइपमधून मोठ्या दाबाने थेट सिलिंडरमध्ये डिझेल टाकणारं), पात्या हलणारा व्हेरिएबल टर्बो, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), ६ गियर मॅन्युअल आणि टॉर्क ४०० न्यूटन मीटर, १७५० ते २५०० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) मधे. मालकाचा हिशोब सरळ होता, ३०० ची गाडी ओढत होती तर ४०० ची पळवत नेईल आणि इंजिन छोटं म्हणजे डिझेल पण कमी पिईल.

रिकाम्या गाडीला दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. जुनी रिकामी साडेनऊचं ॲव्हरेज द्यायची, नवीन १३ द्यायला लागली, मालक खूश.

अडचण

ट्रेलर लावला आणि चित्र उलटं झालं. चढावर गाडी पहिले दोन-तीन किलोमीटर छान जायची, मग हळूहळू मरायला लागायची, टेंपरेचरचा काटा वर सरकायचा आणि सहाव्या किलोमीटरच्या आसपास डॅशबोर्डवर वॉर्निंग येऊन इंजिन स्वतःच पॉवर कमी करायचं. ड्रायव्हर बाजूला घेऊन इंजिन चालू ठेवून थांबायचा, दहा-पंधरा मिनिटांनी परत निघायचा. ट्रेलरसकट ॲव्हरेज साडेसहाच्या आसपास, जुनी गाडी याच रस्त्यावर सव्वासात द्यायची.

मालकाचं म्हणणं ड्रायव्हरला नवीन गाडी चालवता येत नाही. ड्रायव्हरचं म्हणणं गाडीतच दम नाही. माझ्याकडे आले तेव्हा दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. ड्रायव्हरने एक वाक्य सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं, "दादा, चौथ्यात ठेवली की मरते आणि तिसऱ्यात टाकली की बोंबलते, म्हणून मी चौथ्यातच ठेवतो." अर्धं निदान याच वाक्यात होतं, मला ते तेव्हा कळलं नाही ही गोष्ट वेगळी.

आधी वजन, मग बाकी सगळं

पहिलं काम म्हणजे वजनकाटा. मालक म्हणत होता ट्रेलर दोन टनाचा आहे. काट्यावर अडीच टन भरला, कारण मशीन १७०० किलोचं असलं तरी ट्रेलरचं स्वतःचं वजन, तीन जादा बकेट, डिझेलचे कॅन आणि कायम तिथेच पडलेलं सामान कुणी धरलंच नव्हतं. पिकअप माणसं आणि हत्यारांसकट २१०० किलो. एकूण ४६०० किलो, कंपनीच्या मर्यादेत होतं म्हणून त्याची काळजी नव्हती, पण दोन आणि अडीचमधला फरक चढावर जाणवतोच.

मग कागद-पेन. ६ टक्के चढावर ४६०० किलो वर खेचायला साधारण २७०० न्यूटनचं बल लागतं, टायर घासण्याचे साडेपाचशेच्या आसपास, आणि ६० च्या वेगाला हवेचे अंदाजे चारशे. बेरीज ३७०० च्या जवळ. त्याला वेगाने गुणलं आणि गियरबॉक्स-डिफरन्शियलमध्ये १० टक्के जातात असं धरलं तर ६० ने चढायला इंजिनाकडून ६८ किलोवॅट हवेत. ४५ ने चढायला हाच आकडा ४८ वर येतो.

आता जुनी गाडी हा चढ किती वेगाने चढायची असं विचारलं. ड्रायव्हर म्हणाला तिसऱ्यात, चाळीस-पंचेचाळीस, त्याच्यावर जायचीच नाही. आणि नवीन? साठ. कारण चारशेचा टॉर्क आहे ना, मग पंचेचाळीसने कोण जाईल.

म्हणजे तुलना एका रस्त्यावरची असली तरी एका कामाची नव्हती. नव्या इंजिनाकडून ४० टक्के जास्त पॉवर मागितली जात होती आणि मागणाऱ्याला ते माहितच नव्हतं. नवीन इंजिन चांगल्या स्थितीत ३७ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेने चालतं असं धरलं (१८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची चाचणी झाली तेव्हा २६ टक्के भरली होती आणि ते त्या काळात डोळे फिरवणारं होतं), तरी ६८ किलोवॅटचं काम करायला १८० किलोवॅटच्या घरात डिझेल जाळावं लागतं. उरलेले ११० च्या वर किलोवॅट नुसती उष्णता, काही सायलेन्सरमधून काही रेडिएटरमधून. काटा वर जाणार नाही तर काय.

इंजिनाच्या आत काय चाललं होतं

इथे थोडं थांबतो कारण खरी गंमत इथे आहे. डिझेल इंजिनाला खालच्या आरपीएमला टॉर्क का मिळतो याची कारणं लोक "लांब स्ट्रोक" वर संपवतात. ते पूर्ण बरोबर नाही. टॉर्क ठरतो दोन गोष्टींनी, इंजिन किती लिटरचं आहे आणि पिस्टनवर सरासरी दाब किती पडतो. डिझेल हवा दाबून तिच्या उष्णतेने पेटवायचं असतं म्हणून कॉम्प्रेशन साधारण १५ ते २२ पट ठेवावं लागतं, पेट्रोलसारखी अवेळी पेटायची भीती नाही म्हणून टर्बोने हवा भरपूर कोंबता येते, आणि पॉवरसाठी हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, पॉवर कमी-जास्त होते ती फक्त डिझेल किती टाकलं यावर. म्हणून दाब मोठा म्हणून टॉर्क मोठा, आणि अर्ध्या लोडवरही हवा ओढण्यात ताकद वाया जात नाही म्हणून ॲव्हरेज चांगलं.

आता या दोन गाड्यांचा हिशोब करा. ३ लिटरमधून ३०० न्यूटन मीटर काढायला पिस्टनवर सरासरी साडेबारा बार (१ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) दाब लागतो. २ लिटरमधून ४०० काढायला २५ बार. बरोबर दुप्पट! म्हणजे छोट्या इंजिनाचा जवळजवळ सगळा रुबाब टर्बोच्या फुंकेवर आहे. टर्बो न फुंकता डिझेल इंजिन सात-आठ बार देतं, म्हणजे ३ लिटरवालं १८० च्या आसपास न्यूटन मीटर तरी देईल पण २ लिटरवालं १२० वर येईल. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर, आरपीएम पडला की धूर कमी, धूर कमी की टर्बो मंद, टर्बो मंद की टॉर्क कमी, टॉर्क कमी की आरपीएम आणखी पडतो. व्हेरिएबल टर्बोच्या पात्या मिटून धुराचा वेग वाढवतात म्हणून हे बरंच खालपर्यंत सांभाळलं जातं पण कायमचं नाही.

आणि नेमकं तेच चालू होतं. या गाडीला चौथ्या गियरमध्ये ६० ला १६०० आरपीएम होतात. टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट येतात, म्हणजे १६०० ला समजा पूर्ण ४०० मिळाले तरी ६७, हवेत ६८. आणि १६०० ला पूर्ण ४०० मिळतच नाहीत, ते १७५० पासून आहेत! मग वेग घसरतो, ५२ वर येतो, आरपीएम १४००, तिथे टॉर्क आणखी खाली. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर तळाला दाबून बसलेला. पाण्याचा पंप आणि पंखा इंजिनाच्याच जोरावर फिरतात, ते मंद. समोरून येणारा वारा कमी. इंजिन मात्र पूर्ण लोडवर. यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही.

तिसऱ्यात टाकली तर ६० ला २४०० आरपीएम. तिथे ६८ किलोवॅटसाठी फक्त २७० न्यूटन मीटर लागतात, म्हणजे इंजिनाच्या ताकदीच्या दोन तृतीयांश. पण २४०० ला आवाज येतो, आणि जुन्या गाडीवर तयार झालेल्या कानाला आवाज म्हणजे इंजिनावर अत्याचार वाटतो. प्रत्यक्षात अत्याचार १४०० वर शांतपणे चालला होता.

कुठले पर्याय समोर होते

मालकाच्या मनात आधीच एक पर्याय पक्का होता, ट्यूनिंग बॉक्स. ओळखीच्या कुणीतरी सांगितलं होतं की ४०० चे ४६० होतात. मी कडक नाही म्हणालो. बॉक्स डिझेल वाढवतो, हवा नाही, आणि १४०० आरपीएमला कमी पडत होती ती हवा. पेट्रोल इंजिनात जास्त पेट्रोल टाकलं तर धूर थंड होतो, डिझेलमध्ये उलट, जास्त डिझेल म्हणजे जास्त गरम धूर, आणि तो टर्बोच्या तोंडावर. वर क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे झटके शोषणारं दोन भागांचं जड चाक) ४०० साठी बनवलेले, काजळीचा फिल्टर लवकर भरणार ते वेगळंच. रिकामी गाडी पळवायची असेल तर एक वेळ समजू शकतो, रोज अडीच टन ओढणाऱ्याने हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा पर्याय गाडी बदलून ३ लिटरच्या आसपासचं मोठं नवीन इंजिन. तांत्रिकदृष्ट्या हाच सगळ्यात चांगला, ४०० न्यूटन मीटरच काढायचे तर ३ लिटरला १७ बारच्या आत दाब पुरतो, टर्बो नीट फुंकत नसतानाही दम असतो. पण गाडी नुकतीच घेतलेली, आणि रिकामं फिरणं निम्म्याहून जास्त, तिथे २ लिटर फायद्याचं. बाजूला ठेवला.

तिसरा, मोठा रेडिएटर किंवा इंटरकूलर. उष्णता का होतेय ते न बघता तिला बाहेर काढायची सोय, म्हणून सध्या नको. चौथा, जादा बकेट आणि सामान वेगळ्या फेरीत न्यायचं. अर्धवट मान्य झाला. पाचवा, गियर आणि वेग बदलायचा. फुकट, पण मालकाला हा ऐकून राग आला, नवीन गाडी घेऊन जुन्यासारखी हळू चालवायची तर घेतली कशाला, आणि खरं सांगतो हा प्रश्न चुकीचा नाहीये.

प्रत्यक्ष काय केलं

एक फेरी मी सोबत गेलो, ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला) स्कॅनर लावून कूलंट, टर्बोचा दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान असं रेकॉर्ड करत. ठरलं असं की चढ सुरू व्हायच्या आधीच तिसरा टाकायचा, वेग मरायला लागल्यावर नाही, ५० धरायचा, आरपीएम २००० च्या खाली येऊ द्यायचा नाही, अर्धा-पाऊण ॲक्सिलरेटर. ५० ला ५५ किलोवॅटच्या आत काम भागतं.

काटा वर आला पण लाल पट्ट्याच्या आधी थांबला, गाडी पूर्ण ९ किलोमीटर न थांबता चढली. ड्रायव्हरचा चेहरा बघण्यासारखा होता. पण रेकॉर्डमध्ये एक गोष्ट खटकली, इंजिन २२० किलोपास्कल दाब मागत होतं आणि १८५ च्या वर येत नव्हता, तोही फक्त लोडवर. रिकाम्या गाडीत दोन्ही आकडे जुळत होते म्हणून कुठला एरर कोडही पडला नव्हता. खाली उतरून बघितलं तर इंटरकूलरच्या होज पाइपची क्लिप ढिली, आजूबाजूला तेलाची ओलसर रेघ. पूर्ण दाब आला की होज थोडा फुगून हवा सोडत होता, म्हणजे टर्बो फुंकत होता आणि अर्धी फुंक रस्त्यावर. होज आणि क्लिप बदलली.

इथे माझी चूक. मी आधी वजन, मग गणित, मग ड्रायव्हिंग असा गेलो आणि होज शेवटी सापडला तोही नशिबाने. ज्या इंजिनाचा अर्ध्याहून जास्त टॉर्क टर्बोच्या हवेवर आहे त्याचा हवेचा रस्ता पहिल्या दिवशी तपासायला हवा होता, जुन्या ३ लिटरला एवढ्या गळतीने फार फरक पडला नसता आणि माझा हात त्याच सवयीने चालला.

डिझेलचं काय झालं

हा भाग मालकाला सगळ्यात कमी आवडला. चढावर हळू चाललं की डिझेल वाचतं असं तो धरून बसला होता. नाही वाचत फारसं. ९ किलोमीटरला ६ टक्के म्हणजे ५४० मीटर उंची, ४६०० किलो एवढं वर न्यायला नव्या इंजिनाला सुमारे २ लिटर डिझेल लागतं, मग तुम्ही ४५ ने जा नाहीतर ६० ने. बाकी टायर आणि हवेचं अर्धा-पाऊण लिटर. चढावर वेग कमी केला तो गाडी गरम होऊ नये म्हणून, डिझेलसाठी नाही.

डिझेल जात होतं सपाट रस्त्यावर. जुनी गाडी ७५ च्या वर नेली की डोकं उठायचं म्हणून कुणी न्यायचं नाही, नवीन गाडी शांत म्हणून ९५. ट्रेलरवर उभं मशीन, त्याचा बूम (खणायचा हात), केबिन, सगळं वाऱ्याला आडवं, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. माझ्या अंदाजाने ७५ ला दर किलोमीटरला जेवढं काम लागतं त्यापेक्षा ९५ ला एक तृतीयांश जास्त. थेट सिलिंडरमध्ये डिझेल टाकणारं कॉमन रेल इंजिन जुन्या चेंबरवाल्यापेक्षा दहा-पंधरा टक्के किंवा थोडं जास्तच वाचवतं हे खरं, पण ती सगळी बचत वाऱ्याने खाल्ली आणि वर उधारी ठेवली. रिकाम्या गाडीत ही बचत दिसते कारण तिथे इंजिन बराच वेळ कमी लोडवर असतं आणि मोठ्या इंजिनाचं स्वतःचं घर्षण तिथे भारी पडतं. ट्रेलर लावला की दोन्ही इंजिनं कामाला लागलेली, मग मोठ्या-छोट्याचा फरक आकसतो आणि उरतं ते नुसतं काम, किती वजन, किती उंची, किती वारा.

म्हणून सपाटीला ८० ठरवलं, पाचव्यात. सहाव्यात नाही, तिथे आरपीएम दीड हजाराच्या पण खाली जातो आणि छोटा चढ आला की परत तीच रडकथा. बूम पूर्ण दुमडून खाली बांधायचा. क्रूझ कंट्रोल चढ-उताराच्या रस्त्यावर बंद.

निकाल

पुढच्या चार फेऱ्या टाकी फुल करून मोजल्या, डॅशबोर्डच्या आकड्यावर विश्वास न ठेवता. जाताना मशीनसकट पावणेआठच्या आसपास ॲव्हरेज, आधी साडेसहा होतं. यात होजचा वाटा किती, वेगाचा किती, सामान कमी केल्याचा किती हे मला सांगता येत नाही कारण तिन्ही एकाच आठवड्यात बदललं. शिस्तीत एकेक बदलून मोजायला हवं होतं, पण काम चालू असलेला माणूस तेवढा धीर धरत नाही. वेळेचं म्हणाल तर सपाटीचे १३१ किलोमीटर ९५ ऐवजी ८० ने म्हणजे सलग चाललं तर सोळा मिनिटं जास्त, आणि चढावरचं थांबणं गेलं म्हणून जवळजवळ फिट्टंफाट.

वॉर्निंग परत आली नाही. मात्र या फेऱ्या थंडीतल्या आहेत, भर उन्हाळ्यात दुपारी काय होतं ते बघायचं राहिलंय, तेव्हा ५० चे ४५ करावे लागतील कदाचित.

वेगळं काय करता आलं असतं

गाडी घेतानाच टॉर्कचा एक आकडा न बघता टॉर्कचा आलेख आणि गियरचे रेशो बघायला हवे होते. नव्या गाडीचे गियर लांब आहेत, रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज चांगलं यावं म्हणून, त्यामुळे इंजिनाचा टॉर्क जास्त असूनही चौथ्यात ६० ला चाकावर पोचणारा जोर जुन्या गाडीपेक्षा अपेक्षेएवढा जास्त नव्हता. जुनीला चौथ्यात ६० ला १८५० च्या वर आरपीएम व्हायचे. टेस्ट ड्राइव्ह ट्रेलर लावून मागितली असती तर हे अर्ध्या तासात कळलं असतं, पण रिकामी चालवून "काय पिकअप आहे" म्हणून सही केली.

ड्रायव्हरशी बोलणं आधी व्हायला हवं होतं, मालकासमोर नाही, एकट्याशी. तो चौथ्यात का ठेवतो हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि आम्ही सगळे चारशेच्या आकड्यात अडकलो होतो.

आणि एक गोष्ट आम्ही पूर्ण विसरलो, उतार. चढायच्या नादात परतीचं कुणी बघितलंच नाही, तिसऱ्या फेरीनंतर ड्रायव्हरने सांगितलं की खाली येताना ब्रेकचा वास येतो. डिझेलला थ्रॉटल नाही म्हणून नुसता पाय काढला की इंजिन फारसं धरत नाही, त्यात २ लिटर, ३ लिटरपेक्षा आणखी कमी. ५४० मीटरची ती सगळी उंची परत येताना उष्णता होऊनच संपते, टायर आणि वारा थोडी खातात, उरलेली ब्रेक आणि इंजिन. सगळी धरली तर ७५ लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल एवढी उष्णता आहे ती. आता उतरताना दुसरा गियर, चढ जिथे संपतो तिथेच टाकायचा, आणि ट्रेलरचे ब्रेक खोलून ॲडजस्ट करायचं काम पुढच्या आठवड्यात धरलंय.